पहिल्यांदाच जकात काढताय? वही घेऊन बसा

मराठीत जकात म्हटलं की आधी जकात नाका आठवतो, ट्रकांची रांग आणि पावतीपुस्तक. शब्द एकाच अरबी मुळातून आला आहे. पण नाक्यावरची जकात हा कर होता, आणि ही जकात इबादत आहे, म्हणजे उपासना: ठरलेल्या मर्यादेइतका माल असलेल्या मुसलमानाने दरवर्षी त्याचा चाळिसावा भाग गरजूंना द्यायचा. नमाज-रोजासारखीच फर्ज, म्हणजे बंधनकारक. कुरआनात सूरह मआरिज या अध्यायात म्हटलंय की ईमानवाल्यांच्या मालात मागणाऱ्याचा आणि वंचिताचा ‘हक्कुम मालूम’ आहे, म्हणजे ठरलेला, ठाऊक असलेला हक्क. माझा सगळा भर या दोन शब्दांवर आहे. किराणा दुकानदाराची उधारी आपण ‘असेल पाचेकशे’ म्हणून फेडत नाही. वही उघडतो, बेरीज करतो, मग देतो. गरिबाचा हक्क मात्र अंदाजाने कसा देतो?

मी मिरजेची. बरीच वर्षं पतसंस्थेत हिशेबाचं काम केलं. आता दरवर्षी शाबानच्या, म्हणजे रमजानच्या आधीच्या, महिन्यात ओळखीतल्या नव्या जोडप्यांबरोबर, नुकत्याच नोकरीला लागलेल्या पोरापोरींबरोबर वही घेऊन बसते. पुढे लिहिलंय ते हनफी मसलकाप्रमाणे (मसलक म्हणजे इस्लामी नियमांची परंपरा; हनफी आणि शाफई या त्यातल्या दोन), कारण सांगली-साताऱ्याकडे बहुतेक घरं हनफी आहेत. कोकणातून येऊन राहिलेली घरं शाफई असतात. जिथे मोठा फरक आहे तिथे तो सांगते. मी हिशेब मांडायला शिकवते, फतवा देत नाही. अडलं तिथे मुफ्तीसाहेबांना विचारायचं.

आधी ठरवा, हिशेब कोणाचा

घराची म्हणून एकत्र जकात नसते. नवऱ्याची वेगळी, बायकोची वेगळी, वेगळं उत्पन्न असलेल्या मोठ्या मुलाची वेगळी. दागिने ज्याच्या मालकीचे, जकात त्याच्यावर. हे मी स्वतः चूक करून शिकले. लग्नानंतरची पहिली सहा वर्षं माझ्या दागिन्यांची जकात निघालीच नाही. मला वाटायचं हे देतात, आणि त्यांना वाटायचं मी माझं माझं बघते. दोघंही नमाजी, दोघंही हिशेबाला पक्के, आणि सहा वर्षं कुणाचा तरी हक्क आमच्या कपाटात पडून होता. नंतर वर्षावार मांडून दोन वर्षांत तो फेडला. म्हणून नव्या जोडप्याला माझा पहिला प्रश्न हाच असतो: हे सोनं कोणाचं? मेहरचं (निकाहात नवऱ्याने दिलेलं), माहेरचं, सासूबाईंनी फक्त घालायला दिलेलं? उत्तर स्पष्ट झाल्याशिवाय पेन उघडायचं नाही. बायकोच्या सांगण्यावरून नवरा तिच्या वतीने देऊ शकतो. पण तिला ते माहीत हवं, तिची परवानगी हवी.

तारीख

निसाब म्हणजे जकात लागू व्हायला लागणारा किमान माल. ज्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा निसाबाचे मालक झालात, त्या चांद्र तारखेपासून एक वर्ष पुरं झालं की जकात फर्ज होते. ती तारीख माहीत असेल तर तीच कायम धरा. आठवत नसेल तर विचार करून एक ठरवा आणि मग ती बदलू नका. पुष्कळ लोक १ रमजान धरतात ते याचसाठी.

इंग्रजी तारीख धरू नका. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं असतं. दरवर्षी ३१ मार्चला हिशेब केलात तर प्रत्येक वेळी दहा-अकरा दिवस मागे पडता, आणि ३३ वर्षांत एका आख्ख्या वर्षाची जकात बुडते.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: ‘पगार कालच झालाय, त्याला कुठे वर्ष झालं?’ प्रत्येक रुपयाचं वर्ष वेगळं मोजत नाहीत. वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी तुमच्याकडे निसाब आहे ना, एवढंच बघायचं. मध्ये रक्कम खाली गेली तरी, अगदी शून्य झाली नसेल तर, वर्ष चालूच राहतं. ठरलेल्या तारखेला जे हातात आहे ते सगळं मोजायचं, कालचा पगारसुद्धा.

निसाब, आणि तोळ्याचा घोळ

सोन्याचा निसाब साडेसात तोळे, चांदीचा साडेबावन्न तोळे. हे पाठ सगळ्यांचं असतं, चूक होते ती तोळ्यात. आज सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतो. निसाबाचा तोळा जुना आहे, ११.६६४ ग्रॅमचा. म्हणून सोन्याचा निसाब ७५ ग्रॅम नाही, ८७.४८ ग्रॅम आहे. चांदीचा ५२५ नाही, ६१२.३६ ग्रॅम. वहीत तोळे लिहूच नका, ग्रॅम लिहा.

दुसरी गोष्ट. कोणाकडे फक्त सोनं असेल, रोख नाही, चांदी नाही, विक्रीचा माल नाही, तर ८७.४८ ग्रॅमपर्यंत जकात नाही. पण असं माणूस आज शोधून सापडायचं नाही. बँकेत थोडे पैसे असतात, पायात पैंजण असतात. असा मिश्र माल असला की सगळ्याची किंमत एकत्र करून चांदीच्या निसाबाशी ताडून बघतात, कारण त्यात गरिबाचं भलं आहे. ‘माझ्याकडे साडेसात तोळे नाहीत, मला जकात नाही’ असं म्हणणाऱ्या कितीतरी बायकांवर प्रत्यक्षात जकात असते.

आता मोजा

दागिने काट्यावर घाला. आठवणीतलं वजन धरू नका. पावती वीस वर्षांपूर्वीची असते आणि मधल्या काळात एखादी पाटली मोडलेली असते. सांगलीच्या सराफ कट्ट्यावर ओळखीच्या दुकानात वजन करून, त्या दिवसाचा २२ कॅरेटचा भाव विचारून या. घडणावळ धरायची नाही, दागिन्यातले खडे, काळ्या पोतीतले मणी, आत भरलेली लाख वगळायची. किंमत आजची, खरेदीच्या दिवसाची नव्हे. वापरातले दागिने आणि लॉकरमधले दागिने असा भेद हनफी मसलकात नाही, दोन्हींवर जकात आहे. शाफई घरांत स्त्रीच्या रोजच्या वापरातल्या दागिन्यांवर नाही. हिऱ्या-मोत्यांवर दोन्ही मसलकांत नाही, विकायला घेतले नसतील तर.

रोख आणि बँक सोपं आहे. फक्त बचत खात्यावर आलेलं व्याज वेगळं काढा. ते तुमचा माल नाही, त्याची जकात नाही आणि त्यातून जकात भागतही नाही. सवाबाची, म्हणजे पुण्याची, नियत न ठेवता ते गरजूला देऊन मोकळं व्हायचं.

भिशी. याबद्दल छापील तक्त्यांत काही नसतं, आणि आमच्याकडे तर गल्लीगल्लीत भिशी. समजा बारा महिन्यांची भिशी आहे, महिना तीन हजार. तुमचे आठ हप्ते भरून झालेत आणि नंबर अजून लागायचा आहे, तर २४,००० रुपये तुमचं येणं आहे, ते मालात धरा. नंबर आधीच लागला असेल तर उरलेले चार हप्ते, म्हणजे १२,०००, तुमचं देणं आहे, ते वजा करा. मिळालेली रक्कम शिल्लक असेल ती अर्थात रोखीत आलीच.

उसने दिलेले पैसे परत मिळण्याची खात्री असेल तर मोजा. बुडीत खात्यात गेलेले असतील, बंद पडलेल्या पतसंस्थेत अडकलेली ठेव असेल, तर आशा नसताना त्यावर जकात नाही. हाती आली की मुफ्तींना विचारून पुढचं ठरवा. प्रॉव्हिडंट फंडासाठी पगारातून सक्तीने कापली जाणारी रक्कम हातात येईपर्यंत बहुतेक उलेमा, म्हणजे धर्मशास्त्राचे जाणकार, धरत नाहीत. स्वतःहून वाढवून भरलेला भाग मात्र विचारून घ्या.

राहतं घर, गाडी, शिलाई मशीन, मोबाइल, भांडीकुंडी, यांवर काही नाही. भाड्याने दिलेल्या घराच्या किमतीवर नाही; भाड्यातून शिल्लक राहिलेल्या पैशावर आहे. प्लॉटचं उत्तर घेतानाच्या नियतीवर आहे. घर बांधायला घेतला, जकात नाही. विकायला म्हणूनच घेतला, तर दरवर्षी बाजारभावाने पूर्ण किमतीवर आहे. इथे स्वतःशी खरं बोलावं लागतं.

धंदा असेल तर

मिरजेत सतारमेकर गल्लीतलं एखादं दुकान डोळ्यांसमोर आणा. भिंतीला टांगलेले तयार तंबोरे, कोपऱ्यात पंढरपूरकडून आणलेले वाळलेले भोपळे, लाकडाचे ओंडके, तारांची भेंडोळी, आणि पिढ्यांपासूनच्या पटाशा, कानशी, करवती. हत्यारांवर जकात नाही, ती कमाईची साधनं आहेत. तयार वाद्यांवर आहे, आजच्या विक्रीच्या किमतीने. भोपळे, लाकूड, तारा यांवरही आहे, कारण ते विकायच्या वस्तूतच जाणार. पॉलिशच्या लाखेचं काय? जुन्या फकिहांनी, म्हणजे इस्लामी कायद्याच्या पंडितांनी, रंगाऱ्याचा आणि धोब्याचा दाखला दिला आहे: रंगाऱ्याच्या रंगावर जकात आहे, कारण तो कापडावर राहतो, धोब्याच्या साबणावर नाही, कारण तो वाहून जातो. त्या न्यायाने लाख मोजायची, घासायचा कागद नाही. मला हा दाखला फार आवडतो. एकदा तो कळला की कुपवाडच्या एमआयडीसीतला छोटा कारखानदारसुद्धा आपल्या शेडमध्ये उभा राहून कुठल्या वस्तूवर बोट ठेवायचं ते स्वतः ठरवू शकतो.

व्यापाऱ्याने माल खरेदीच्या भावाने धरू नये. हळदीचं पोतं स्वस्तात घेतलं आणि आज भाव चढलाय, तर आजचा. पडला असेल तरी आजचाच. हरिपूरच्या पेवांत हळद ठेवायचे त्या काळीही हाच नियम होता आणि आज कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवली तरी हाच.

आपल्या शेतात पिकलेल्या मालाचा नियम वेगळा आहे, त्याला उश्र म्हणतात: पावसावर आलेल्या पिकाचा दहावा भाग, खर्च करून पाणी दिलेल्या पिकाचा विसावा. भारतातल्या जमिनींना तो कसा लागू करायचा यावर उलेमांत मतभेद आहेत, म्हणून ऊस-द्राक्षवाल्यांनी गावच्या मौलानांशी बसून बोलावं. ऊसबिलाचे पैसे हातात येऊन तुमच्या जकातीच्या तारखेला शिल्लक असतील, तर ते मात्र इतर रोख रकमेबरोबर मोजायचे.

देणं वजा करा, पण बेताने

दुकानदाराची उधारी, थकलेलं भाडं, थकलेलं वीजबिल, कामगारांचा राहिलेला पगार, उसने घेतलेले पैसे वजा करायचे. वीस वर्षांच्या घरकर्जाची सगळी रक्कम वजा करून ‘मी तर कर्जबाजारी’ म्हणणं योग्य नाही. त्यातलं नेमकं किती वजा करायचं यात मतं आहेत. बरेच मुफ्ती येत्या वर्षभरात द्यायच्या हप्त्यांपुरतं सांगतात. आपल्या मुफ्तींचं मत घ्या आणि दरवर्षी तेच पाळा. सोयीप्रमाणे बदलू नका.

एक हिशेब मांडून बघू

मिरजेतली एक शिवणकाम करणारी बाई धरू. आकडे गोल घेतलेत, आजचे भाव नव्हेत. सोनं २२ कॅरेट, ५० ग्रॅम, ग्रॅमला १०,००० रुपये: ५,००,०००. चांदी २०० ग्रॅम, ग्रॅमला १५० रुपये: ३०,०००. घरात आणि बँकेत मिळून २२,०००. भिशीत भरलेले २४,०००. एकूण ५,७६,०००. कापड दुकानाची उधारी ६,०००, ती वजा. उरले ५,७०,०००.

निसाब: ६१२.३६ ग्रॅमला १५० ने गुणलं की ९१,८५४. तिची रक्कम त्याच्या कितीतरी वर आहे. आता ४० ने भागा, कारण अडीच टक्के म्हणजे चाळिसावा भाग. जकात १४,२५० रुपये. निसाबाच्या वरच्या रकमेवर नव्हे, सगळ्या ५,७०,००० वर.

तिच्या हातात रोख २२,००० आहेत, आणि त्यातून १४,२५० काढायचे म्हणजे छातीत धस्स होतं. मी ते चेहरे पाहिलेत. त्यावर उपाय आहे. निसाबाचा मालक असलेल्याला पुढच्या वर्षाची जकात आगाऊ देता येते. दर महिन्याला बाराशे रुपये जकातीच्या नियतीने देत जायचं, टिपून ठेवायचं, आणि तारखेला पक्का हिशेब करून उरलेले भरायचे. जास्त गेले असतील तर ते पुढच्या वर्षात धरता येतात. मागच्या वर्षांची राहिली असेल तर ती माफ होत नाही. अंदाज धरून, थोडी वरचढच धरून, फेडायला घ्या.

कोणाला द्यायची

सूरह तौबामध्ये आठ जण सांगितलेत: फकीर (गरीब), मिस्कीन (अगदी निराधार), जकात गोळा करणारे कामगार, मन वळवायचे आहे असे लोक, गुलामी सोडवणं, कर्जात बुडालेले, अल्लाहच्या वाटेतले, आणि वाटसरू. आपल्या रोजच्या व्यवहारात येतात ते फकीर, मिस्कीन, कर्जदार, आणि मिरजेत तरी वाटसरू. इथल्या दवाखान्यांत विजापूर-बेळगावकडून माणसं येतात. गावाकडे घर असतं, जमीन असते, पण ऑपरेशन लांबलं, हातातले पैसे संपले आणि नातेवाईक वॉर्डाबाहेर चटईवर बसलाय. परमुलखात अडकलेला असा माणूस जकातीला पात्र आहे, गावाकडे काही असलं तरी.

आई-वडील, आजी-आजोबा, मुलं, नातवंडं, नवरा-बायको यांना जकात देता येत नाही. त्यांना सांभाळणं आपलं कर्तव्यच आहे. सय्यद घराण्याला, म्हणजे पैगंबरांच्या वंशातल्यांनाही नाही. त्यांना अदबीने हदिया, म्हणजे भेट, द्या. भाऊ, बहीण, खाला, फुफी, चाचा, त्यांची मुलं गरजू असतील तर त्यांना आधी द्या, त्यात दुहेरी सवाब आहे: सदक्याचा, म्हणजे दानाचा, आणि नातं जोडल्याचा. बहिणीला ‘ही जकात आहे’ असं सांगायची गरज नाही. नियत तुमच्या मनात हवी. तिच्या हातात ईदी म्हणून ठेवली तरी चालतं.

पात्र कोण हे बघताना पडक्या घरावर जाऊ नका आणि चांगल्या साडीवरही. राहतं घर, कामाची दुचाकी, मोबाइल असलेला माणूसही जकात घेऊ शकतो, गरजेपलीकडे निसाबाएवढी मालमत्ता त्याच्याकडे नसेल तर. उलट गरीब दिसणाऱ्याचा गावात मोकळा प्लॉट पडलेला असू शकतो. विचारावं लागतं, पण चौकशी अब्रू राखून करायची. सूरह बकरामध्ये अशा लोकांचा उल्लेख आहे जे मागत नाहीत म्हणून अजाण माणूस त्यांना श्रीमंत समजतो. रमजानच्या सत्ताविसाव्या रात्री दारात येणाऱ्यांना सगळेच देतात. रिक्षा विकून बायकोचं डायलिसिस करणारा शेजारी दारात येत नाही, त्याच्याकडे आपल्याला जावं लागतं. तुमच्या गल्लीतला किराणावाला, औषध दुकानदार, शाळेतल्या बाई यांना माहीत असतं कोणाची उधारी वाढलीय, कोणाच्या पोराची फी थकलीय.

दिलेला माल घेणाऱ्याच्या मालकीचा व्हायला हवा. याला तमलीक म्हणतात, आणि नवे लोक इथेच चुकतात. मशिदीचं बांधकाम, कब्रस्तानची भिंत, बोअरवेल यांत जकात जात नाही, कारण तिथे कोणी गरीब मालक होत नाही. त्यासाठी लिल्लाह, म्हणजे ऐच्छिक दानाची, रक्कम वेगळी काढा. दस्तरखानावर बसवून इफ्तार खाऊ घातला तर जकात अदा होत नाही. रेशनचं किट हातात दिलं तर होते. मदरशाला देताना पावतीवर गरीब विद्यार्थ्यांसाठी असं लिहून घ्या. शिक्षकांच्या पगाराला जकात चालत नाही. दवाखान्याचं बिल किंवा शाळेची फी परस्पर भरायची असेल तर आधी त्या माणसाला सांगा, त्याची परवानगी घ्या, म्हणजे तुम्ही त्याच्या वतीने भरता. आणि कोणी तुमचे पैसे देणं लागत असेल तर ‘जा, जकातीत माफ केले’ म्हणून भागत नाही. त्याला जकात हातात द्या; तो त्यातून तुमचं देणं फेडू शकतो. घरकामाच्या बाईला पगारात धरून देऊ नका. पगार तिचा हक्क, जकात वेगळी.

चाळीस पाकिटांत शंभर-शंभर घालण्यापेक्षा एका घराचं एक काम पुरं करा. शिलाई मशीन, थकलेलं भाडं, जूनमधली फी. एकाच माणसाला निसाबाएवढी रक्कम एकदम देणं मकरूह, म्हणजे टाळावं असं, मानतात. मोठं कुटुंब किंवा कर्ज असेल तर हरकत नाही. रांग लावू नका, फोटो काढू नका. कुरआनात स्पष्ट सांगितलंय की उपकार बोलून दाखवून आणि मन दुखवून आपला सदका वाया घालवू नका.

जिथला माल तिथल्या गरिबांना आधी. संस्थेला द्यायची असेल तर तीन प्रश्न विचारा: जकातीचं खातं वेगळं आहे का, रक्कम वर्षाच्या आत पात्र माणसांपर्यंत जाते का, हिशेबतपासणी झालेला ताळेबंद दाखवता का. धर्मादाय आयुक्तांकडे नोंद झालेला ट्रस्ट हे प्रश्न ऐकून रागावत नाही.

बहुतेक उलेमांच्या मते जकात मुसलमान गरजूंनाच द्यायची आहे. पण नफिल, म्हणजे ऐच्छिक, सदका कोणत्याही शेजाऱ्याला देता येतो, आणि द्यावाच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, तेव्हा आमच्या घरी दोन पाकिटं केली होती, एकावर जकात, एकावर सदका. छावणीत दोन्ही लागली. दुसरं आधी संपलं, मग घरखर्चातून त्यात भर घातली. तेव्हापासून दोन पाकिटं कायमची आहेत.

फितरा, म्हणजे रमजान ईदचं दान, यात मिसळू नका. तो ईदच्या नमाजआधी घरातल्या माणशी द्यायचा असतो, आणि रक्कम मशिदीतून जाहीर होते.

हिशेब झाला की त्याच पानावर हिजरी तारीख, त्या दिवसाचा सोन्या-चांदीचा भाव, एकूण जकात, आणि खाली कधी किती दिली ते लिहा. घेणाऱ्यांची नावं लिहू नका. वही कोणाच्याही हाती लागू शकते. मी फक्त ‘फी’, ‘भाडं’, ‘औषध’ एवढंच लिहिते. पान भरलं की पुढच्या पानावर पुढच्या वर्षाची तारीख आत्ताच टाकून ठेवा, आणि वही कुठे आहे ते घरातल्या एका माणसाला सांगा.